एका जिल्ह्याची अनेक वनं

लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस, इंदापुरात जेमतेम 500. जिल्हा एकच, पुणे. त्यामुळे भीमाशंकरच्या शेकरूच्या रानाला जे चालतं, ते सुप्याच्या चिंकाऱ्याच्या माळाला चालत नाही. कारभारासाठी वनखात्याने जमिनीची उतरंड लावली आहे: वनवृत्त, वनविभाग, वनपरिक्षेत्र, परिमंडळ आणि तळाशी नियतक्षेत्र, म्हणजे सगळे ज्याला ‘बीट’ म्हणतात ते. बीट एका वनरक्षकाकडे. अभयारण्यांचा कारभार वन्यजीव शाखेकडे. कार्य आयोजना, म्हणजे वनातल्या कामांचा आराखडा, साधारण दहा वर्षांची बनते, पण गवत कधी वाळलं हे बीटवरच कळतं.

जाळरेषेचंच बघा. वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी गवताचा एक पट्टा आपणच जाळून टाकायचा, म्हणजे पुढे आलेल्या आगीला खायला काही उरत नाही. पट्टा सहा मीटरचा असेल, तर आधी दोन्ही कडांना मीटरभर गवत मुळालगत कापून आत ओढतात. ते वाळलं की संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवायचं. वारा ज्या बाजूला जातोय त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते. घाई केली तर ओलं गवत अर्धवट जळतं आणि रेषा नावापुरती राहते. उशीर केला तर ठिणगीच पलीकडे उडते. सगळ्यात दगा देतं ते धुमसणारं शेण आणि वठलेलं खोड. रात्री विझलंय असं वाटतं, दुपारच्या वाऱ्याला पुन्हा फुलतं.

आग लागल्याचा उपग्रहाचा इशारा मोबाईलवर येतो खरा, पण त्यातला एक ठिपका जवळपास 375 मीटरचा. गवताची आग उपग्रहाच्या दोन फेऱ्यांच्या मधेच डोंगर चढून विझूनही जाते.

पूर्वेकडच्या माळांवर मात्र आगीइतकंच नुकसान झाडांनीही होतं. ‘पडीक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मुरमाड माळावर चर आणि खड्डे खणले की आधीच वीतभर असलेली माती उलटीपालटी होते. रोप जगलंच, तर त्याच्या सावलीत मारवेल, पवन्या ही गवतं मागे हटतात आणि उघड्यावर लांबवर बघत चरणाऱ्या चिंकाऱ्याला आडोसा नडतो. तिथे गवतच पेरावं. मारवेलचं बी हलकं, केसाळ; खोल गाडलं तर उगवत नाही आणि कोरडं फेकलं तर वाऱ्याबरोबर जातं. म्हणून ते माती आणि शेणकाल्यात कालवून पहिल्या पावसानंतर वरच्या वर पसरायचं आणि निदान दोन पावसाळे तिथे गुरं शिरू द्यायची नाहीत.