ऑर्गन नेमका कोणता? मुंबईच्या चर्चमधल्या ऑर्गनवादनाची पार्श्वभूमी

माझ्या आत्याचं सगळं आयुष्य गिरगावात गेलं. फोर्टातल्या एका चर्चमध्ये ऑर्गनवादन आहे, येतेस का, असं तिला विचारलं तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, "तबल्यावर कोण आहे?" तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. मराठी कानाला 'ऑर्गन' हा शब्द संगीत नाटकाने दिला. रंगमंचासमोर बसलेला वादक पायाने भाता मारतो, दोन्ही हातांनी सूर धरतो आणि बाजूला तबला, सारंगी असते. चर्चच्या फलकावर 'स्थानिक ऑर्गनवादकांचं वादन' असं लिहिलेलं असतं तेव्हा तिथलं वाद्य बहुधा वेगळं असतं. 'स्थानिक' या शब्दामागेही बरीच उलथापालथ आहे. हे दोन शब्द सुटे केल्याशिवाय अशा कार्यक्रमाची पार्श्वभूमी नीट सांगता येत नाही.

आधी वाद्याचं. पाईप ऑर्गनमध्ये आवाज पाईपातून निघतो. भात्यात दाबून भरलेली हवा एका पेटीत जाते, पेटीच्या माथ्यावर पाईप उभे असतात, आणि पट्टी दाबली की त्या पाईपाखालची झडप उघडते. एका पाईपातून एकच सूर निघतो. बासरीसारखा मऊ आवाज हवा असेल तर त्याच्या पाईपांची एक अख्खी रांग, तुतारीसारखा हवा असेल तर दुसरी. म्हणून मध्यम आकाराच्या वाद्यातही शेकडो पाईप असतात, काही शिसं-कथलाच्या मिश्रणाचे, काही लाकडाचे. कोणत्या रांगा वाजवायच्या ते स्टॉपच्या खुंट्या ओढून ठरतं. खुंटीच्या तोंडावर ८, १६, ४ असे आकडे असतात. ते फूट. ८ म्हणजे त्या रांगेतला सर्वांत खालच्या सुराचा पाईप सुमारे ८ फूट लांब. १६ म्हणजे त्याच्या एक सप्तक खाली, ४ म्हणजे एक सप्तक वर.

पायाखालीही पट्ट्या असतात, आणि मराठी माणसाचा सगळा घोटाळा इथे होतो. नाटकातला ऑर्गनवादक पायाने हवा भरतो. चर्चमधला पायाने खर्ज वाजवतो. हवा भरायला पूर्वी मागे माणूस उभा असे, आता विजेचा पंखा असतो.

नाटकातला ऑर्गन हा पत्त्यांचा. पितळी पत्ती हवेने थरथरते आणि सूर निघतो, बाजाच्या पेटीत निघतो तसाच. पॅरिसच्या देबें या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते वाद्य पायाने चालायचं. पुढे कलकत्त्यात त्याची बसून वाजवायची हातपेटी झाली आणि देशभर पसरली. अमेरिकेत मात्र याच कुळातला दुसरा प्रकार रूढ झाला. त्यात भाता हवा बाहेर ढकलत नाही, आत ओढतो, त्यामुळे आवाज जरा गोल आणि मऊ येतो. गंधर्व नाटक मंडळीच्या काळात मराठी रंगभूमीने आपलासा केलेला ऑर्गन तो हा. हातपेटीत एक हात भात्यात अडकतो, इथे दोन्ही हात मोकळे. नाट्यपदाला मागून भरणा द्यायला याहून सोयीचं काही नव्हतं. पायपेटी आणि ऑर्गन दिसायला भावंडं, म्हणून जुन्या बोलण्यात दोन्ही नावांची सरमिसळ होते.

पाईप ऑर्गन बसवणं मोजक्या चर्चांनाच परवडायचं. बाकीच्या लहान चर्चांत, मिशनच्या शाळांत आणि ख्रिस्ती घरांत हाच पत्त्यांचा ऑर्गन असे. प्रवासाला न्यायचे घडीचे ऑर्गनही होते. मिशनरी ते घेऊन गावोगाव जात. म्हणजे एकाच जातीचं वाद्य रविवारी सकाळी उपासनेत गीताला सूर देत होतं आणि शनिवारी रात्री थिएटरात पदाला. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, कारण तिच्या पक्क्या बांधलेल्या सुरांना मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि श्रुती (सुरांमधले बारीक फरक) जमत नाहीत. त्या वादावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे. चर्चच्या संगीताला ही अडचण कधी नव्हतीच, ते त्याच बांधलेल्या सुरांवर उभं आहे.

तिसरा ऑर्गन विजेचा. १९३५ साली अमेरिकेत हॅमंड कंपनीने दात्यांच्या फिरत्या चाकांतून सूर काढणारं वाद्य बाजारात आणलं आणि त्याला ऑर्गन म्हटलं. पाईप ऑर्गन बांधणाऱ्यांचा संताप झाला. प्रकरण तिथल्या व्यापारविषयक सरकारी आयोगाकडे गेलं, आणि एका मोठ्या प्रार्थनामंदिरात दोन्ही वाद्यं आळीपाळीने वाजवून जाणकारांना ओळखायला लावण्यात आली. जाणकारांच्याही बऱ्याच चुका झाल्या. तरीही १९३८ च्या निर्णयात कंपनीला बजावण्यात आलं की पाईप ऑर्गनचे सगळे नादरंग आपल्या वाद्यातून निघतात असा दावा करायचा नाही. 'ऑर्गन' हे नाव मात्र राहिलं. तो निर्णय मला अर्धवट वाटतो. कानाला फसवता येतं हे मान्य, पण चर्चमध्ये ऐकणारा माणूस कानानेच ऐकतो असं नाही. १६ फुटी पाईप बोलतो तेव्हा बाकाचं लाकूड थरथरतं, ते पाठीला कळतं. आज बहुतेक चर्चांत जे वाजतं ते डिजिटल वाद्य असतं, खऱ्या पाईपांचे आवाज नमुना म्हणून साठवून ध्वनिवर्धकातून सोडणारं. त्यात कमीपणा काही नाही. पण फलकावर नुसतं 'ऑर्गन' न लिहिता कोणता ते लिहायला हवं. खरे पाईप वाजवायला वेगळी मेहनत लागते, आणि ते ऐकायला लांबून येणाऱ्याला कळायला हवं की तो कशासाठी येतो आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. गोव्याहून अकबराच्या दरबारात ऑर्गन आल्याची नोंद त्याच काळातल्या बदायुनी या इतिहासकाराने केली आहे. माणसाएवढी पेटी पाहून दरबारी थक्क झाले होते. वसई आणि साष्टीत पोर्तुगीजांच्या काळात चर्चं उभी राहिली. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर तिथल्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला त्या आजही आहेत. घंटा उचलून नेता येते. ऑर्गन भिंतीत, माळ्यात, हवेच्या नळ्यांत रुजलेला असतो. त्या जागेतून तो सहजी हलत नाही. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलचा पाया १६७६ चा, पण भिंती चाळीसेक वर्षं अर्धवट राहिल्या आणि उपासना सुरू झाली ती १७१८ च्या नाताळात. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ चं, त्याच कुलाब्यातलं होली नेम कॅथेड्रल १९०५ चं. सेंट थॉमस आणि होली नेम, दोन्हीकडे पाईप ऑर्गन आहेत. एक इंग्रजी पंथाचं, दुसरं कॅथलिक, आणि दोन्हींच्या ऑर्गनची पुढची वाट वेगळी झाली.

इंग्रजांच्या काळात फोर्टातली इंग्रजी चर्चं ही मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांची, व्यापाऱ्यांची आणि पलटणींची होती. १९४७ नंतर बाक रिकामे होऊ लागले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतातले सहा प्रोटेस्टंट पंथ एक झाले आणि या वास्तू नव्या, भारतीय कारभाराखाली आल्या. छप्पर गळतंय, दगड झिजतोय, अशा वेळी ऑर्गनवर खर्च करा असं म्हणायला धैर्य लागतं. काहींनी ते दाखवलं.

कॅथलिक बाजूला निराळाच पेच पडला, आणि माझ्या मते आजच्या कार्यक्रमांचं मूळ त्यात आहे. ४ डिसेंबर १९६३ रोजी व्हॅटिकनच्या परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यातलं ११९ वं कलम सांगतं की मिशनच्या प्रदेशांत लोकांची स्वतःची संगीतपरंपरा असते, तिला मान द्या आणि उपासनेत जागा द्या. लगेच पुढचं, १२० वं कलम सांगतं की पाईप ऑर्गन हे चर्चचं परंपरागत वाद्य आहे, त्याचा आदर राखा. इतर वाद्यंही योग्य असतील तर चालतील. एका पानावरची ही दोन कलमं, आणि मुंबईत दोन्ही बाजू त्यांचाच आधार घेत राहिल्या. पुढच्याच वर्षी जागतिक युखरिस्तिक परिषदेसाठी पोप सहावे पॉल मुंबईत आले. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली. मराठी, कोकणी, इंग्रजी गीतं आली, तबला-पेटी आली, तरुणांच्या हाती गिटार आली. लॅटिन गेल्यावर ऑर्गनचा निम्मा जुना संग्रह एका फटक्यात कपाटात गेला.

हे योग्य झालं की नाही? मराठी ख्रिस्ती समाजाला या प्रश्नाचं उत्तर आधीच सापडलं होतं असं मला वाटतं. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती भजनं आणि कीर्तन मराठीत रुजवलं. मराठी प्रोटेस्टंट चर्चांत टाळ-तबल्यावरचं भजन आणि ऑर्गनवरचं चार आवाजांतलं गीत एकाच रविवारी गायलं जातं, कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. कॅथलिक चर्चांत मात्र काही वर्षं 'आपलं की त्यांचं' असा वाद चालला, आणि त्या वर्षांत ऑर्गनकडे दुर्लक्ष झालं. भजनाला जागा मिळाली याचा आनंद आहे. ऑर्गनला कुलूप लागलं याचं दुःखही तितकंच आहे. एकाच्या बदल्यात दुसरं द्यावं लागेल असं त्या दस्तऐवजात कुठेही लिहिलेलं नाही.

उपासनेतली जागा आक्रसल्यावर ऑर्गनला स्वतंत्र वादनाची जागा लागली. ती भरली स्थानिकांनी. आता 'स्थानिक' म्हणजे कोण? गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सूर वाचायला शिकून आलेले, धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावागावांच्या सामाईक बिऱ्हाडांत, उतरलेले गोवेकर. मराठी बोलणारे ईस्ट इंडियन, ज्यांनी १८८७ मध्ये हे नाव घेतलं ते आपण इथलेच मूळ रहिवासी आहोत हे सांगण्यासाठी. भायखळा-गिरगावातली मराठी प्रोटेस्टंट घरं. आणि लंडनच्या मंडळांच्या पियानो परीक्षा देत वाढलेली पारशी, हिंदू मुलं. बहुतेक जण दिवसा दुसरी नोकरी करतात. फलकावर परदेशी पाहुण्या वादकाचं नाव ठळक येतं आणि या मंडळींच्या वाट्याला 'स्थानिक' एवढाच शब्द येतो. पण वर्षाचे बावन्न रविवार वाद्य जिवंत ठेवतात ते हेच.

जिवंत ठेवणं म्हणजे काय, ते एका जुलैत जवळून पाहिलं. मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगतं, झडपांचं कातडं सैल पडतं, सरस सुटतो. तापमान वाढलं की साध्या पाईपांचे सूर वर चढतात, ज्यांच्या तळाशी पत्ती थरथरते ते पत्तीचे पाईप जवळपास जागेवर राहतात, आणि दोघांचं जुळेनासं होतं. वादनाच्या दोन तास आधी एक सूर अडकला. पट्टी सोडली तरी तो वाजतच राहिला, रडणाऱ्या मुलासारखा, सगळ्या चर्चभर. असा ऑर्गन दुरुस्त करणारे कारागीर देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पावसात कुणाला बोलावणार? वादकाने बूट काढले, टॉर्च तोंडात धरला आणि बाजूच्या छोट्या दारातून ऑर्गनच्या पोटात शिरला. आतून आवाज आला, "कुठला? पांढरी की काळी?" बाहेरच्या मुलीने ओरडून सांगितलं. थोड्या वेळाने तो सूर मध्येच तुटला. वादक बाहेर आला तो हातात वीतभर पाईप घेऊन. त्याने तो भोकातून उपटला होता.

पाईप रुमालात गुंडाळून पहिल्या बाकावर ठेवला. मग तो घाम पुसत ऑर्गनच्या बाकावर बसला, पातळ तळव्याचे कातडी बूट चढवले आणि त्या संध्याकाळी वाजवायच्या, बाख या जर्मन संगीतकाराच्या रचनेत तो सूर कुठे कुठे येतो ते पेन्सिलीने खुणा करत पाहू लागला. अकरा ठिकाणी येत होता. त्याने दुसरी खुंटी ओढली, चारच्या जागी आठची, आणि ते अकरा सूर एक सप्तक वरून घेऊन पाहिले. मुलीने पंखे बंद केले, कारण पानं उडतात. साडेसहाला दार उघडलं तेव्हा बाहेर पाऊस होता आणि लोक छत्र्या झटकत आत येत होते.