नस कोणती: शीर की मज्जातंतू?

सुई टोचण्यापूर्वी परिचारिका म्हणते, “नस सापडत नाही”, आणि कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जाणाऱ्या माणसाला घरचे सांगतात, “तुमची नस दबली असेल”. शब्द एकच असला, तरी पहिली नस म्हणजे रक्त वाहणारी शीर, जिला पुस्तकात नीला म्हणतात, आणि दुसरी म्हणजे मेंदू व मेरुरज्जू यांच्याशी शरीराला जोडणारा मज्जातंतू.

शीर ही पोकळ नळी असून ती रक्त हृदयाकडे परत नेते. त्वचेखाली ती निळसर दिसते, पण आतले रक्त गडद लालच असते. हातापायांच्या शिरांमध्ये जागोजागी झडपा असतात आणि त्या रक्ताला मागे वळू देत नाहीत. इंग्लंडमधील वैद्य विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडताना हाताच्या शिरांवरच हे दाखवले होते, आणि ते आजही घरी पाहता येते. हात खाली सोडून शिरा फुगू द्याव्यात, एका ठसठशीत शिरेवर मनगटाकडे बोट दाबून धरावे आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारावे. वाटेत झडप असेल, तर दुसरे बोट उचलले तरी झडपेखालची शीर रिकामीच राहते आणि मनगटाकडचे बोट सोडताच भरते. पायातल्या याच झडपा निकामी झाल्या की रक्त साचते, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात आणि व्हेरिकोज व्हेन्सचा त्रास सुरू होतो.

मज्जातंतूत अशी पोकळी नसते. तो पांढुरक्या दोरीसारखा असून त्यात असंख्य बारीक तंतू एकत्र बांधलेले असतात. त्यांतून विद्युत संदेश जातात, काही तंतूंतून सेकंदाला सुमारे 100 मीटर वेगाने, तर वेदनेच्या बारीक तंतूंतून जेमतेम 1 मीटरने. पायाचा अंगठा उंबऱ्याला आपटल्यावर आधी तीव्र कळ येते आणि ठणका मागाहून जाणवतो, तो या फरकामुळे. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्याही हाडाच्या नसून कोपरामागून त्वचेच्या अगदी जवळून जाणाऱ्या मज्जातंतूच्या असतात.

मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, तेव्हा “रक्त थांबले” असे आपण सहज म्हणतो; प्रत्यक्षात मुख्य दाब मज्जातंतूवर आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांवर पडलेला असतो. रात्री पोटरीत गोळा आला की “नस चढली” म्हणतात, पण तो आखडलेला स्नायू असतो, शीरही नव्हे आणि मज्जातंतूही नव्हे.

म्हणूनच डॉक्टरांकडे केवळ “नस दुखते” असे न सांगता, फुगवटा दिसतो की मुंग्या, बधिरपणा किंवा पसरत जाणारी कळ जाणवते, हे सांगावे, असे मला कळकळीने वाटते. सायटिकामध्ये पोटरी दुखत असली, तरी दाब बहुधा कमरेत पडलेला असतो, त्यामुळे पोटरी कितीही चोळली तरी मूळ त्रास तिथे सापडत नाही.

दोघांची इजाही वेगळी असते. रक्त काढल्यावर शिरेभोवती उमटलेला काळानिळा डाग साधारण दोन आठवड्यांत मावळतो. मनगटाशी तुटलेला मज्जातंतू मात्र शस्त्रक्रियेने जोडल्यावरही दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढतो, त्यामुळे बोटांच्या टोकांना स्पर्श कळू लागायला कित्येक महिने लागतात.