बर्फावर हाताची घडी: स्केटिंगच्या दोन पोर्ट्रेटमागची गोष्ट

एडिंबराच्या नॅशनल गॅलरीत जेमतेम अडीच फूट उंचीचं एक चित्र आहे, चित्रकार हेन्री रेबर्नने काढलेलं, साधारण १७९५ चं. काळ्या कपड्यातले रेव्हरंड रॉबर्ट वॉकर डडिंगस्टनच्या गोठलेल्या तळ्यावर एका पायावर तोल धरून चाललेत, हाताची घडी, चेहरा एकदम शांत. जरा जवळून बघा, स्केट्सच्या लालसर फिती दिसतात आणि बर्फावर आधीच्या फेऱ्यांचे बारीक ओरखडेसुद्धा.

पण त्याआधी दोनेकशे वर्षं स्केटिंगची चित्रं म्हणजे गर्दी. तेव्हा युरोपात थंडी जास्त पडायची, हॉलंडचे कालवे गोठले की अख्खं गाव बर्फावर उतरायचं. हेंड्रिक आव्हरकाम्प नावाचा चित्रकार, बहुतेक मूकबधिर, लोक त्याला 'कांपेनचा मुका' म्हणायचे, त्याच्या १६०८ च्या आसपासच्या चित्रात कोणी आपटलंय, कोणी घसरगाडीत बसलंय, श्रीमंत-गरीब सगळे एकाच बर्फावर. बघत राहावं असं चित्र आहे, पण एका माणसाच्या डौलाला त्यात जागा नाही.

ती जागा ब्रिटनमध्ये मिळाली. १७७२ मध्ये रॉबर्ट जोन्सने स्केटिंगवर पुस्तकच लिहिलं. एडिंबरा स्केटिंग क्लबमध्ये शिरायचं तर दोन्ही पायांवर एकेक पूर्ण वर्तुळ काढायचं आणि मग एक, दोन, तीन हॅट एकावर एक ठेवून त्यावरून उडी मारायची! वॉकर याच क्लबचे मेंबर, लहानपण रॉटरडॅममध्ये गेलेलं कारण वडील तिथल्या स्कॉटिश चर्चमध्ये पाद्री होते, म्हणजे डच बर्फाशी ओळख तेव्हापासूनची.

आणि रेबर्नच्या आधी १७८२ मध्ये गिल्बर्ट स्टुअर्ट हा अमेरिकन चित्रकार लंडनमध्ये होता. विल्यम ग्रँट पोर्ट्रेटसाठी आला आणि म्हणाला आज तर स्केटिंगचाच दिवस आहे, मग दोघं हाइड पार्कातल्या सर्पेंटाइनवर गेले आणि त्यातूनच स्केटिंग करणाऱ्या ग्रँटचं आठ फुटी चित्र सुचलं, रॉयल अकॅडमीत लागलं आणि स्टुअर्टचं नाव झालं. ग्रँटच्याही हाताची घडीच. मला यातली खरी कमाल ही वाटते की पोर्ट्रेटला लागतो तो स्थिर, रुबाबदार माणूस स्केटिंगमध्ये आयता मिळतो, शरीर हलत नाही आणि तरी माणूस वेगात असतो.

२००५ मध्ये वॉकरचं चित्र रेबर्नचं नसून दांलू या फ्रेंच चित्रकाराचं असावं असा वाद निघाला, गॅलरी मात्र ते रेबर्नचंच मानते.