रॉबिन हूड्स बे आणि आठवडाभराची सुट्टी: मागची गोष्ट

आम्ही लीड्सला राहायला आलो तेव्हा शेजारी एक आजी होत्या, आणि त्यांच्या लहानपणीच्या उन्हाळ्याच्या सगळ्या आठवणी एकाच गावाच्या. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचं रॉबिन हूड्स बे. तिथले जुने लोक नुसतं 'बे' म्हणतात. त्यांचं ऐकून आम्ही मुलांना घेऊन एकदा गेलो आणि मग दरवर्षीच जायला लागलो. आजींच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी यायची, की लहानपणी त्या आठवडाभर ज्या घरात उतरायच्या त्या घरातली माणसं तेवढे दिवस मागच्या खोपटात झोपायची. मला ते ऐकून वाईट वाटायचं, पण त्यामागे केवढा इतिहास आहे ते हळूहळू कळलं.

समुद्रावर सुट्टीला जाणं हे इंग्रजांचं काही पूर्वापार चालत आलेलं नाही. सुरुवात झाली ती औषध म्हणून. बे पासून जवळच असलेल्या स्कारबरोला सतराव्या शतकात झऱ्याचं खनिज पाणी प्यायला लोक यायचे, मग डॉक्टर समुद्रात बुडी मारायला सांगायला लागले. १७५० च्या सुमारास डॉ. रिचर्ड रसेलनी समुद्राच्या पाण्याचे गुण सांगणारं पुस्तक लिहिलं आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनचं नशीब उघडलं, १७८९ ला खुद्द राजा तिसरा जॉर्ज वेमथच्या समुद्रात उतरला. पुढे त्याच ब्रायटनला पाटण्याच्या शेख दीन महंमदनी वाफेच्या स्नानाचं आणि चंपीचं दुकान थाटलं, तिथलाच तो शाम्पू शब्द सगळीकडे गेला. पण हे सगळं पैसेवाल्यांचं.

बे सारख्या गावात तेव्हा समुद्र म्हणजे पोट भरायची जागा, आणि जीव जायचीही. कडा सतत ढासळायचा, १७८० च्या सुमारास किंग स्ट्रीटवरची घरं रस्त्यासकट समुद्रात गेली. मासेमारी चालायची कोबल नावाच्या होड्यांतून, पुढून खोल आणि मागून सपाट, म्हणजे वाळूवरून थेट लोटता येते. बायका खडकांवरून आमिषासाठी शिंपले खरवडून आणायच्या, गळांना लावायच्या आणि उरलेल्या वेळात गॅन्झी विणायच्या. गॅन्झी म्हणजे कोळ्यांचा गडद निळा लोकरी स्वेटर, मी तिथं एक हातात घेऊन पाहिला तर फळीसारखा घट्ट, कुठेही शिवण नाही, बाह्या थोड्या आखूड म्हणजे कडा भिजत नाहीत, आणि बाही खांद्याकडून खाली विणलेली, का तर मनगटाशी झिजली की तेवढीच उसवून नवी विणता यावी. हा शब्द आला गर्न्सी बेटाच्या नावावरून, आणि आपला गंजीफ्रॉक पण त्याच गर्न्सी फ्रॉकवरून! माझे आजोबा अंगात घालायचे तो शब्द इथं थंडीवाऱ्यात कोळ्यांच्या अंगावर बघून मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

आणि गाव किती आडबाजूला, तर जानेवारी १८८१ मध्ये बे समोर एक जहाज फुटलं तेव्हा शेजारच्या व्हिटबी गावाची लाइफबोट समुद्रातून नेता येईना, म्हणून ती घोडे लावून, माणसांनी पुढचा बर्फ उपसत, सहा मैल टेकड्यांवरून ओढून आणली. सगळे खलाशी वाचले.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८८५ ला, स्कारबरो-व्हिटबी रेल्वे आली आणि सगळं बदललं. बँक हॉलिडेचा कायदा १८७१ चा, म्हणजे सुट्टी होती आणि आता गाडीही होती. कापडगिरण्यांच्या लँकेशायरकडे तर आख्खी गिरणीच आठवडाभर बंद व्हायची, त्याला वेक्स वीक म्हणायचे, त्या आठवड्याचा पगार नाही, म्हणून लोक वर्षभर बचतीच्या क्लबात थोडे थोडे पैसे टाकून समुद्रावर जायचे. गिरणगाव ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच समजेल.

रेल्वेमुळे लोकांनी किती स्वप्नं बघितली ते बघायचं तर बे च्या दक्षिणेला रेव्हन्सकारला जा. एका कंपनीने १८९० च्या दशकात तिथं नवं शहरच वसवायचं ठरवलं, रस्ते आखले, गटारं घातली, प्लॉट विकायला काढले, स्टेशनचं नावही बदललं. पण जागा ६०० फूट उंच कड्यावर, वारा असा की उभं राहवत नाही आणि समुद्र कुठल्या कुठे खाली. कंपनी १९१३ ला बुडाली. आज गवतातून सरळ रेघेत जाणारे रस्ते दिसतात आणि बाजूला घरंच नाहीत, मुलं तिथं एकदम गप्प झाली होती. बे वरून तिकडे चढणारी रेल्वे ३९ ला १ अशा चढाची, म्हणजे ३९ फूट पुढे गेलं की एक फूट वर, आजी सांगतात धुक्यात रूळ ओले झाले की इंजिन घसरायचं, मागे यायचं आणि पुन्हा जोर लावायचं.

पगारी सुट्टीचा कायदा आला १९३८ ला, पण लगेच युद्ध लागलं, किनाऱ्यांवर काटेरी तारा लागल्या, त्यामुळे खरी गर्दी युद्धानंतरची. आजींच्या आठवणी त्याच काळातल्या. कोळ्याच्या बायकोला उन्हाळ्यात खोल्या भाड्याने देऊन वर्षाचा किराणा सुटायचा, म्हणून ते मागचं खोपट. मासे कमी झाले तसं ते भाडंच मुख्य झालं. मग तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करा म्हणणाऱ्या बीचिंगच्या अहवालानंतर मार्च १९६५ मध्ये रेल्वे बंद झाली, लोक मोटारीने यायला लागले, काहींनी सुट्टीपुरती राहायला घरंच विकत घेतली. म्हणजे आधी आठवड्यापुरतं मागं जाणारं कुटुंब हळूहळू गाव सोडूनच गेलं. शेजारच्या व्हिटबीत २०२२ ला नवी घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच द्यावीत का यावर मतदान झालं, मत देणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक हो म्हणाले, पण ते कोणावर बंधनकारक नव्हतं.

एका फेब्रुवारीत आम्ही मुद्दाम गेलो. उतारावर दारोदारी सुट्टीच्या पाहुण्यांसाठी चाव्या ठेवायच्या छोट्या पेट्या आणि अंधार, लेकीने उजेड असलेल्या खिडक्या मोजल्या तर चौदा. आजींना फोन केला तर त्यांनी पहिलं विचारलं, आमच्या त्या घरात दिवा होता का. नव्हता म्हटल्यावर थोडं थांबून त्यांनी त्या घरमालकिणीचं नाव, तिच्या तिन्ही मुलांची नावं आणि त्यांच्या कोबलचं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट, आणि मी ते सगळं लिहून घेतलं.