लोण्याविना भाजणे : बेकरीतील वनस्पतिजन्य स्निग्धांची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईत घरगुती केक करून विकणाऱ्यांकडे आता ‘बिनदुधाचा’ केक मागितला जातो. कुणाला दूध सोसत नाही, कुणी प्राणिजन्य पदार्थच सोडलेले असतात. ही मागणी नवी असली, तरी लोण्याऐवजी वनस्पतिजन्य स्निग्ध वापरण्याची रीत आपल्याकडच्या भट्टीला जुनीच आहे, आणि तो इतिहास बाजूला ठेवून आजच्या पर्यायांची चर्चा करणे मला अपुरे वाटते.

लोण्याला पहिला कृत्रिम पर्याय मात्र वनस्पतिजन्य नव्हता. फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनने स्वस्त पर्यायासाठी बक्षीस जाहीर केल्यावर इपोलीत मेज-मुरिएस या रसायनतज्ज्ञाने 1869 मध्ये गाईच्या चरबीपासून मार्जरीन हे लोण्यासारखे स्निग्ध तयार केले. तेलांची पाळी आली ती हायड्रोजनीकरणामुळे, म्हणजे तेलाला हायड्रोजन जोडून ते घट्ट करण्यामुळे. पॉल साबातिए यांच्या निकेलवरील प्रयोगांचा आधार घेऊन जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन यांनी पातळ तेल घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट 1902 मध्ये मिळवले, आणि 1911 मध्ये अमेरिकेत सरकीच्या तेलापासून केलेले क्रिस्को बाजारात आले. आपल्याकडे तेल असे घट्ट करून केलेले वनस्पती तूप आधी हॉलंडहून येई. पुढे 1932 मध्ये शिवडीच्या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले आणि 1937 मध्ये ‘डालडा’ हे नाव आले, जे लवकरच प्रत्येक वनस्पती तुपाचे सामान्यनाम होऊन बसले.

डालड्याच्या डब्याने घरातली पद्धत कशी बदलली हे मी ठाण्यातल्या नौपाड्यात लहानपणी पाहिले आहे. दिवाळीआधी आई नानकटाईसाठी मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन बेकरीत जायची. तिथे मोठ्या परातीत तूप तळहाताने गोल गोल फेसून पांढरेशुभ्र, हलके केले जाई, मग पीठ मिसळून गोळे पत्र्यांवर मांडले जात, आणि आम्ही नंबर लागेपर्यंत भट्टीजवळ बसून राहायचो. या फेसण्यातच घट्ट स्निग्धाचे सारे मर्म आहे: त्याच्या बारीक स्फटिकांत हवा अडकून राहते, शिवाय पिठाच्या कणांवर थर बसल्याने ग्लुटेनची, म्हणजे पिठाला चिवट करणाऱ्या प्रथिनाची, जाळी धरत नाही आणि नानकटाई तोंडात विरघळते. करंजीच्या पिठात घातलेले मोहन आणि तिच्या पदरांमधला साटा याच तत्त्वावर चालतात. साधे तेल मोहन म्हणून चालते. फेसले तर मात्र हवा धरत नाही.

वनस्पती तूप साजूक तुपात खपवले जाण्याची भीती तेव्हा मोठी होती. म्हणून त्यात किमान 5 टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली, कारण फरफ्युराल हे रसायन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून होणाऱ्या बोदवँ चाचणीत तिळाचे तेल लाल रंग देते आणि भेसळ उघडी पडते. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

खरा दोष पुढे कळला. तेल अर्धवट हायड्रोजनित केले की ट्रान्स मेदाम्ले (रेणूची ठेवण बदललेली मेदाम्ले) तयार होतात, आणि 1990च्या दशकातील अभ्यासांनी त्यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध पुढे आणला. अमेरिकेने अर्धवट हायड्रोजनित तेलांवर 2018 पासून बंधन आणले. भारतात तेल-तुपातील ट्रान्स मेदाची मर्यादा जानेवारी 2021 पासून 3 टक्के आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्के झाली. त्यानंतर बेकऱ्यांचा भर मुख्यतः पाम तेलातून वेगळ्या काढलेल्या घट्ट भागावर आणि इंटरएस्टरिफिकेशनने, म्हणजे स्निग्धातील मेदाम्लांची मांडणी बदलून, घडवलेल्या मिश्रणांवर आला. यात ट्रान्स मेद फार कमी असतो, पण संतृप्त मेद बराच राहतो, म्हणून त्याला आरोग्यदायी म्हणणे बरोबर नाही.

घरी करणाऱ्यांपुढचा पेच वेगळा आहे. खोबरेल तेल साधारण 24-25 अंशांना वितळते. ठाण्यात जानेवारीच्या पहाटे बाटलीत गोठलेले हेच तेल मे महिन्यात पाण्यासारखे पातळ असते, त्यामुळे तेव्हा बिस्किटाचे पीठ फ्रिजमध्ये घट्ट केल्याशिवाय भट्टीत घालता येत नाही. लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असते, तेलात ते जवळपास नसते. म्हणून 100 ग्रॅम लोण्याऐवजी 80 ग्रॅमच्या आसपास तेल घेऊन उरलेली ओल सोया किंवा काजूच्या दुधाने भरून काढावी लागते. केकमध्ये हे जमते, खारीच्या पदरांत जमत नाही, कारण तिथे थर वेगळे ठेवणारे घट्ट स्निग्धच लागते. वाशीच्या घाऊक दुकानांत त्यासाठी मार्जरीन मिळते, पण काही प्रकारांत दुधाचे घन पदार्थ मिसळलेले असतात, त्यामुळे बिनदुधाच्या ऑर्डरीसाठी घेताना खोक्यावरची घटकांची यादी वाचणे आवश्यक ठरते.