फ्यूज का उडाला नाही?

मिशिगनमधली जानेवारीची सकाळ, बाहेर उणे १५. मित्राच्या वीस वर्षं जुन्या गाडीतून निघालो होतो. सीटचा हीटर लावून दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात नायलॉनच्या साडीवर इस्त्री विसरल्यासारखा वास सुटला. गाडी बाजूला घेतली. ड्रायव्हरच्या सीटवर, मांडी टेकते तिथे, रुपयाएवढा तपकिरी डाग आणि मधोमध टाचणीचं भोक. पँटलाही तशीच खूण. मित्र शांतपणे म्हणाला, "अरे, फ्यूज आहे की! खरंच काही बिघडलं असतं तर उडाला नसता का?"

नसता. तो का उडत नाही, हे मला या सगळ्या भानगडीतलं सर्वांत सुरेख गणित वाटतं.

सीट गरम करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीने १९६६ मध्ये ती जादा पैसे मोजणाऱ्यांना दिली, आणि स्वीडनच्या साब कंपनीने १९७२च्या मॉडेलपासून. आत विशेष काही नसतं. कापडाखाली नमद्यासारखी एक चटई, तिच्यावर नागमोडी शिवलेली बारीक पदरांची तार. इस्त्री आणि गीझरचं जे तत्त्व, तेच इथे: निर्माण होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध.

आता आकडे घेऊ. इंजिन चालू असताना दाब १४ व्होल्टच्या आसपास असतो, पण हिशेबाच्या सोयीसाठी १२ धरू. तारेचा रोध २.४ ओहम धरला, तर प्रवाह ५ अँपिअर आणि उष्णता ६० वॅट. तार सहा मीटर लांब असेल तर दर सेंटिमीटरला जेमतेम ०.१ वॅट. म्हणून ती सुखद वाटते.

पण सीटवर माणूस बसतो, उठतो, कोणी मागचं सामान काढायला गुडघा रोवतो. तार त्याच जागी हजारो वेळा वाकते आणि एकेक पदर तुटत जातो. शेवटी एखाद्या बिंदूवर नुसता कसाबसा टेकलेला जोड उरतो. समजा या बिंदूचा रोध ०.२ ओहम झाला. एकूण रोध २.६, प्रवाह ४.६ अँपिअर. म्हणजे प्रवाह कमी झाला! पण त्या मोहरीएवढ्या जागेत आता चार वॅटहून जास्त उष्णता तयार होते आहे, तीही फोममध्ये, जिथून ती बाहेर पडायला वाट नाही.

जोड आणखी बिघडू द्या. बिंदूचा रोध वाढत वाढत उरलेल्या तारेइतका, म्हणजे २.४ ओहम झाला, की तिथली उष्णता कमाल पातळी गाठते: १५ वॅट. (ज्यांना कलनशास्त्र आठवतं त्यांनी अवकलज शून्य धरून पाहावं, फार गोड उत्तर येतं. बाकीच्यांनी पुढे चला.) आणि या सर्वांत वाईट क्षणी प्रवाह किती? अडीच अँपिअर, मूळच्या निम्मा. समोर बसलाय १५ अँपिअरचा फ्यूज. त्याच्या लेखी सगळं आलबेल. फ्यूजचं काम वायरिंगमधून बेसुमार प्रवाह जाऊ न देणं, एवढंच. उष्णता कुठे साठते आहे हे त्याला कळायला मार्गच नाही. चटईत तापमान मोजणारी गुंडी असते खरी, पण ती एकाच जागी. पाच-सहा सेंटिमीटरवर जळत असलं तरी तिला पत्ता लागत नाही.

बाजारात यावर 'फार इन्फ्रारेड', म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण सोडणारी, सीट कव्हरं मिळतात, रक्त शुद्ध करणारी म्हणे. इन्फ्रारेड तर तव्यावरून उतरलेल्या भाकरीतूनही निघतं. तिने कोणाचं रक्त शुद्ध झालेलं ऐकिवात नाही.

मग करायचं काय? स्विच बंद ठेवणं पुरेसं नाही. काही गाड्यांत स्विच बॅटरीच्या बाजूला नसून बॉडीच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या लोखंडी सांगाड्याच्या, बाजूला असतो. अशा वेळी स्विच बंद असूनही चटईपर्यंत १२ व्होल्ट पोचलेलेच असतात. उघडी पडलेली तार सीटच्या लोखंडाला टेकली की स्विचला वळसा घालून मंडल पूर्ण. म्हणून मुळावरच घाव: गाडीच्या पुस्तिकेत बघून सीट हीटरचा फ्यूज काढून ठेवायचा. जागी मोठा फ्यूज बसवणं हा मात्र निव्वळ आत्मघात.

आमच्या बाबतीत फ्यूज काढला आणि त्याबरोबर मोबाइल चार्जरचं सॉकेटही मेलं. दोघांचा फ्यूज एकच. तेव्हा सीटखालचा हीटरचा कनेक्टर सोडवणं आलं, आणि तिथे घाई चालत नाही. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचे. त्यांना हात लावायचा नाही, वीज मोजणारा मल्टिमीटर तर अजिबात नाही. मीटरचा इवलासा प्रवाहही एअरबॅग उडवू शकतो. आधी इग्निशन बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, पुस्तिकेत सांगितली असतील तेवढी मिनिटं थांबायचं आणि त्यानंतरच सीटखाली वाकायचं. शेजारच्या सीटमध्ये माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सरही असतो, त्यामुळे कुठली वायर कशाची हे ठाम कळत नसेल तर मेकॅनिककडे जावं. वायर कापायची नाही. सोडवलेल्या टोकाला टेप गुंडाळून ते केबल टायने असं बांधायचं, की सीट पुढेमागे सरकवताना रुळात चिरडणार नाही.

अर्ध्या तासाचं काम झालं. फ्यूज परत बसवला, चार्जर चालू झाला. आता त्या सीटवर मित्राच्या आईने सोलापूरहून पाठवलेली गोधडी असते. हीटर चालू असताना तीच अंथरली असती, तर कोंडलेल्या उष्णतेने डाग रुपयाएवढा राहिला नसता.