नाशिकमध्ये मधपेटी बदलताना: तीन मापांची पार्श्वभूमी

नाशिक परिसरात हौसेखातर मधमाश्या पाळणाऱ्याची पहिली पेटी बहुधा सातेरीची, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीची असते. लहान, हलकी, सात-आठ चौकटींची (चौकट म्हणजे पोळं धरून ठेवणारी लाकडी फ्रेम). मग एखाद्या डाळिंबाच्या बागेत मेलिफेरा या युरोपीय माशीची दहा चौकटींची मोठी पेटी दिसते, नाहीतर चौकटच नसलेल्या, नुसत्या वरच्या पट्ट्यांवर पोळी लटकणाऱ्या टॉप बार पेटीचं कौतुक कानावर येतं आणि आपली पेटी बदलावी का, हा विचार डोक्यात घोळू लागतो. बोलणं बहुतेक वेळा लाकूड, किंमत आणि मधाचे किलो यांच्यावरच अडतं. या तिन्ही पेट्या मात्र तीन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माश्यांच्या मापाने आणि वेगळ्या गरजेपोटी बेतल्या गेल्या. एकीची चौकट दुसरीत बसत नाही, याचं कारण तिथे आहे.

मोठ्या पेटीचं मूळ अमेरिकेत. लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या १८५१ साली एक गोष्ट लक्षात आली: पेटीत साधारण ६ ते ९ मिलिमीटर फट ठेवली तर माश्या ती ये-जा करायला मोकळी सोडतात. त्याहून कमी असेल तर झाडाच्या चिकाने लिंपून टाकतात, जास्त असेल तर तिथे पोळं बांधतात. चौकटींच्या चहूबाजूंनी एवढीच फट ठेवल्यावर प्रत्येक चौकट सुटी उचलता येऊ लागली. १८५२ मध्ये त्याने पेटंट घेतलं. पण नुसत्या सुट्या चौकटीने काम भागलं नसतं. १८५७ मध्ये जर्मनीत योहानेस मेहरिंगने मेणपत्रा (माश्यांना पोळं बांधायला पाया म्हणून द्यायचा, घरांचा ठसा उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा) छापायची युक्ती काढली आणि १८६५ मध्ये फ्रान्झ फॉन ह्रुश्काने फिरवून मध काढायचं यंत्र दाखवलं. तिन्ही एकत्र आल्यावर मध काढून रिकामं पोळं माश्यांना जसंच्या तसं परत देता येऊ लागलं. आजची चौकटीची मधपेटी या एका सोयीभोवती उभी आहे.

हे सगळं युरोपीय माशीला धरून. आपली सातेरी अंगाने लहान, तिच्या पोळ्यातली घरं लहान, दोन पोळ्यांमधलं अंतरही कमी. शिवाय ती झाडाचा चीक गोळाच करत नाही, त्यामुळे फटी लिंपण्याचा प्रश्न तिच्याकडे उद्भवत नाही (चौकटी सुरीने उचकटाव्या लागत नाहीत, हे सुख सातेरीवाल्यांनाच ठाऊक). सुट्या चौकटीची पेटी भारतात आणायचे प्रयत्न १८८२ मध्ये बंगालमध्ये आणि पुढच्या एक-दोन वर्षांत पंजाबात झाले, पण फारसे जमले नाहीत. जम बसला तो दक्षिणेत. तिरुचिरापल्लीचे जेझुइट पाद्री फादर न्यूटन यांनी सातेरीच्या वसाहतीला पेलेल अशी छोटी पेटी बेतली आणि १९११ ते १९१७ या काळात खेड्यातल्या लोकांना ती वापरायला शिकवलं. तिची चौकट आतून साधारण सव्वाआठ बाय पावणेसहा इंच, म्हणजे लँगस्ट्रॉथच्या चौकटीत तिच्या जवळपास तिप्पट पोळं मावतं. सातेरी एवढी जागा क्वचितच भरते. रिकामी राहिलेली पोळी मेणकिड्याच्या तोंडी जातात.

१९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने मधमाशीपालन हा खेड्याचा जोडधंदा म्हणून सुचवला, गांधीजींच्या ग्रामोद्योगांतही त्याला जागा मिळाली. महाराष्ट्रात महाबळेश्वर हे या कामाचं केंद्र झालं. खादी-ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आजही तिथेच आहे. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू झाली. पुढे भारतीय मानकांत सातेरीच्या पेटीचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार ठरले. त्यातला ‘ए’ न्यूटनच्या घराण्यातला, ‘बी’ जरा मोठा. नाशिकला प्रशिक्षणातून किंवा योजनेतून आलेली सातेरीची पेटी याच वाटेने आली. ती घेणाऱ्याने निवडलेली नसते, मिळालेली असते. मापाबद्दल कोणी फारसं विचारत नाही, ते त्यामुळेच.

मेलिफेरा भारतात नीट रुजली तीही १९६२ मध्येच, नगरोटा बगवां इथे. ते तेव्हा पंजाबात होतं, आज हिमाचलात आहे. ते श्रेय पंजाब कृषी विद्यापीठाच्या डॉ. अटवाल यांचं. माशीबरोबर लँगस्ट्रॉथची पेटीही आली. पुढे १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिणेतल्या सातेरीच्या वसाहती प्रचंड संख्येने मारल्या आणि केरळसारख्या ठिकाणी लोक मेलिफेराकडे वळले. तिथला पेटीबदल नाइलाजाचा होता.

नाशिकची गोष्ट निराळी. इथे मोठी पेटी शिरली ती मधापेक्षा परागीभवनासाठी. जिल्ह्याचं नाव द्राक्षाने झालं, पण द्राक्षाचं फळ धरायला माशी लागत नाही, उलट द्राक्षाच्या फवारण्या माशीच्या जिवावर उठतात. माशीची खरी गरज बागलाण-मालेगावच्या डाळिंबाला आणि कांद्याच्या बियाण्याला. कांद्याचे डोंगळे फुलले की परपरागीभवनाशिवाय बी भरत नाही. त्यातही गंमत अशी की कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असल्याने माशी त्यावर फार खूश नसते. जवळ दुसरं काही फुललं की तिकडे पळते. म्हणून भरपूर माश्यांच्या, ट्रकने हलवता येणाऱ्या पेट्या भाड्याने आणायची पद्धत पडली. मोठ्या वसाहती, तारा ओढून पक्क्या केलेल्या चौकटी, वरच्यावर रचता येणारे सारख्या मापाचे डबे: लँगस्ट्रॉथ यालाच सोयीची. गच्चीवर किंवा परसात दोन पेट्या ठेवणाऱ्याला यातलं काय हवं असतं? माझ्या मते फार थोडं. मेलिफेराला फुलं नसतील तेव्हा साखरेचा पाक पाजावा लागतो, माश्यांना लागणाऱ्या व्हरोआ गोचिडावर सतत नजर ठेवावी लागते, आणि मधाने भरलेला एक खोल डबा ३५-४० किलोंचा होतो. मध जास्त मिळतो, हे खरं. सातेरीचा वर्षाला पाच-दहा किलो, तर हिचा त्याच्या कितीतरी पट. पण तेवढ्यासाठी माशीच बदलावी लागते, नुसती पेटी नाही.

टॉप बार पेटीचा इतिहास उलट दिशेचा. ग्रीसमध्ये वरून पट्ट्या टाकलेल्या टोपल्यांत माश्या पाळत, हे १६८२ मध्ये छापलेल्या एका प्रवासवर्णनात सापडतं. तीच कल्पना १९७० च्या दशकात केनियात, कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या मदतीने, उतरत्या भिंतींच्या लांबट पेटीत आली. चौकटी नाहीत, मेणपत्रा नाही, यंत्र नाही. पोळं पट्टीवरून कापायचं आणि पिळायचं. सुताराला नेमक्या चौकटी जमत नाहीत अशा गावांसाठी ती केली होती. शहरातल्या हौशी माणसाला ती ‘नैसर्गिक’ म्हणून आवडते, पण तिचा जन्म काटकसरीतला आहे. सातेरी तिच्यात राहते, पण पट्टीची रुंदी केनियाच्या आराखड्याप्रमाणे ३२ मिलिमीटर किंवा युरोपीय माशीसाठीची ३५ ठेवली तर ती पोळी पट्टीला धरून न बांधता आडवीतिडवी बांधते, आणि मग एक पट्टी उचलली की दोन पोळी फाटतात. तिला ३० च्या आसपास लागते. दुसरी अडचण आपल्या उन्हाळ्याची. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीकडे गेला की चौकटीचा आधार नसलेलं, मधाने जड झालेलं नवं पोळं गळून पडायला एक धक्का पुरतो. सावली नसेल तर ही पेटी नाशिकला ठेवूच नये. (२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातून गाजलेल्या, नळ फिरवून मध काढायच्या फ्लो पेटीबद्दलही लोक विचारतात. तिचे प्लास्टिकचे कप्पे मेलिफेराच्या मापाचे आहेत, तेव्हा सातेरीवाल्याने तो विषय सोडावा.)

सातेरी ठेवून माप बदलायचं असेल, म्हणजे ‘ए’मधून ‘बी’मध्ये किंवा टॉप बारमध्ये जायचं असेल, तर पद्धत जुनीच आहे. पिलांची पोळी सुरीने सोडवायची, नव्या चौकटीला किंवा पट्टीला केळीच्या सोपाने किंवा सुती दोऱ्याने बांधायची. दोन-चार दिवसांत माश्या मेणाने ती जोडून घेतात आणि दोरा कुरतडून टाकतात. मधाची पोळी आत द्यायची नाहीत. मध सांडला की मुंग्या आणि शेजारच्या पेटीतले लुटारू आलेच. काम संध्याकाळी करायचं, राणी दिसेपर्यंत घाई करायची नाही आणि नवी पेटी जुन्या जागीच ठेवायची.

सगळ्यात नडते ती वेळ. सातेरी त्रास झाला की घर सोडून जाते, ही तिची जुनी खोड. पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबककडच्या संततधारेत, बाहेर काही मिळत नसताना पोळी कापली तर सकाळी पेटी रिकामी दिसण्याची शक्यताच जास्त. पाऊस ओसरून रानात फुलं आली की वसाहती वाढीला लागतात. बदलायचं तर तेव्हा. पण नेमक्या त्याच दिवसांत निफाड-दिंडोरीत द्राक्षाची गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) होऊन फवारण्या सुरू होतात. तिथल्या हौशी पाळणाऱ्याने बदलण्याआधी पेटी रात्री दार जाळीने बंद करून पेठ किंवा त्र्यंबकच्या डोंगराकडे ओळखीच्या कोणाकडे नेऊन ठेवावी. सातेरीची पेटी मोटारसायकलवरही जाते. लँगस्ट्रॉथला टेम्पो लागतो.